धारवाड धरतंय, सांगली सुटतंय

बेळगावजवळच्या उचगावातल्या आमच्या जुन्या घरात रेडिओचं तोंड कुठं करायचं यावर तिन्हीसांजेला वाद ठरलेला. आज्जीला सांगली पाहिजे असायची, आज्जाला धारवाड. सांगली आम्हाला नीट उत्तरेला, धारवाड आग्नेयेला, आणि आमचा ट्रान्झिस्टर काही एका वेळी दोघांची मर्जी राखणारा नव्हता. मग मधला काका उठायचा. फळीवरचा डबा वितभर फिरवायचा, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "धारवाड धरतंय, सांगली सुटतंय." आज्जी म्हणायची, "तुजं तूच धर गा धारवाड," आणि चुलीकडं जायची.

त्या फिरवण्यात जादू काही नव्हती. मिडियम वेव्हच्या ट्रान्झिस्टरच्या पोटात बोटभर लांब, काळपट दांडी असते, फेराइटची. तिच्यावर केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. स्टेशन दांडीच्या आडव्या अंगाला असलं की आवाज भरदार येतो, दांडीचं टोक स्टेशनकडं झालं की बसतो. दांडी डब्यात लांबीला बसवलेली, म्हणून रेडिओचं तोंड नाहीतर पाठ सांगलीकडं केली की सांगली धरते. धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१ वर. काट्यावर दोघांत अंतर भरपूर. खरं धारवाड जवळचं आणि दमदार, त्यामुळं साध्या रेडिओत ते सांगलीच्या अंगावर चढायचं. (आमच्याकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

आज्जाचं कानडी बैलबाजारातलं. गोकाक, सौंदत्तीकडं जनावरं बघायला जाऊन जाऊन तो ते शिकला. भाव ठरवण्यापुरतं आणि शिव्या देण्यापुरतं, असं आत्ती म्हणायची. तरी धारवाडवर कानडी दासांची पदं लागली की डोळे मिटून बसायचा. मल्लिकार्जुन मन्सूर त्या केंद्राचे संगीत सल्लागार होते, हे मला फार पुढं कळलं. आज्जाला ते नाव ठाऊक असावं असं वाटत नाही. त्याला आवाज ठाऊक होता. धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० ला सुरू झालं. तेव्हा धारवाड, बेळगाव, उचगाव सगळं मुंबई राज्यात. सांगली आली १९६३ च्या ऑक्टोबरात. म्हणजे तेरा वर्षं आमच्या गावाला जवळचं स्टेशन म्हणजे धारवाडच. आज्जीच्या हट्टामागं ही इतकी वर्षांची थकबाकी होती.

त्याही आधीचं जे आहे ते सगळं ऐकीव. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेस भरली. गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाचे. आज्जा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. हिंडलगा मार्गे टिळकवाडीपर्यंत चालत गेला, बरोबर नाचण्याच्या भाकरी आणि लाल चटणी. गांधी दिसले का, असं विचारलं की म्हणायचा, "दिसले की. एवढे." आणि अंगठ्याचं नख दाखवायचा. त्याच अधिवेशनात गंगूबाई हनगल नावाची अकरा वर्षांची मुलगी गायली. आज्जानं ते गाणं ऐकलं की नाही, याच्या आमच्या घरात दोन कथा आहेत. एका कथेत तो अगदी पुढं बसला होता. दुसरीत तो त्या वेळी बाहेर चिरमुरे खात होता. मला दुसरी जास्त खरी वाटते.

पुढं या गंगूबाईंच्या तबकड्या निघाल्या, 'गांधारी' या नावानं. गावात फोनो एका सधन घरी होता. किल्ली पिळायची, सुई बदलायची. सुया संपल्या की बाभळीचा काटा लावून वाजवत, असं आत्ती सांगायची. मला ती थाप वाटायची. पुढं वाचलं की काट्याच्या सुया परदेशात विकतसुद्धा मिळत. आवाज थोडा मऊ येतो आणि तबकडी कमी झिजते. आत्तीला तसं सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मग मी काय खोटं बोलतोय?" आमच्याकडच्या बायका 'बोलतोय'च म्हणतात.

काका विहिरीवरच्या मोटारी रिवायंडिंग करून पोट भरायचा. मार्कंडेयच्या काठची भातशेती, त्यात पंप, आणि जळायला निघालेल्या मोटारी. कामाला तोटा नव्हता. रिवायंडिंगची उरलेली एनॅमलची तार मात्र तो कुणाला देत नसे. पहिला रेडिओ त्यानं त्याच तारेचा केला. शहापुरातून कापडाच्या ताग्याची पुठ्ठ्याची नळी आणली, तिच्यावर तार गुंडाळली, बेळगावात मिळणारा ओए ७९ डायोड लावला आणि भंगारातून मिळालेला हेडफोन. माडीवरून आंब्यापर्यंत एरियलची तार. अर्थिंगला परसात खड्डा करून लोखंडी पाइप पुरला, भोवती कोळसा आणि खडे मीठ घातलं. आणि वर रोज पाणी ओतायचं काम आम्हा पोरांकडं. या रेडिओला सेल लागत नाही. स्टेशनाकडून हवेतून जी इवलीशी वीज येते तेवढ्यावर तो बोलतो. त्यामुळं बोलतोही इतका हळू की घरात कुणी भांडं आपटलं तरी काका ओरडायचा. आणि लागायचं फक्त धारवाड. आज्जीनं एकदा कानाला लावलं, दोन मिनिटं ऐकलं, आणि म्हणाली, "ह्येला मराठी शिकीव की."

मराठी शिकवायचं म्हणजे ट्रान्झिस्टरचा सेट करायचा. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ट्रान्झिस्टर तोवर खेड्यापाड्यातल्या हौशी लोकांच्या हातात आले होते. एसी १२७, एसी १२८ हे आकडे काका नातलगांची नावं घ्यावीत तसे घ्यायचा. शनिवारी बाजारादिवशी सायकल काढायची, वेंगुर्ला रस्त्यानं बेळगाव गाठायचं, खडेबाजाराच्या आतल्या बोळातून सुटे भाग आणायचे. येताना 'तरुण भारत'च्या कागदात बांधलेल्या दोन पुड्या असायच्या. एकीत रेझिस्टन्स, दुसरीत कुंदा. काकी कुंद्याची पुडी आधी ताब्यात घ्यायची. एकदा अंधारात तिनं दुसरीच उचलली, असं ती स्वतःच हसून सांगते.

डाग द्यायला विजेची सळई पुढं आली. आधी तांब्याचा जाड तुकडा लोखंडी दांड्याला बसवलेला, तो चुलीच्या निखाऱ्यात तापवायचा. आमचा भाग रताळ्याचा. हंगामात त्याच निखाऱ्यात रताळी खुपसलेली असायची. एका हातानं डाग, एका हातानं रताळं, आणि घरभर राळेचा आणि भाजलेल्या सालीचा असा एकत्र वास. अजून कुठं राळ जळाली की मला भूक लागते. डाग चकचकीत बसला तर पक्का. मातकट, दाणेदार दिसला तर कच्चा. कच्चा डाग आज वाजतो, उद्या खरखरतो. काका एकेका डागावर नखानं टिचकी मारून बघायचा.

सगळ्यात जिवाचं काम शेवटी. सेटमध्ये पत्र्याच्या चौकोनी टोप्या घातलेली छोटी कॉइल असतात. लाल टोपीचं ऑसिलेटरचं, आणि पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या टोपीची तीन, मधल्या फ्रिक्वेन्सीची, त्यांना आयएफटी म्हणतात. ही तिन्ही ४५५ किलोहर्ट्झला जुळली पाहिजेत, तर स्टेशन स्वच्छ वेगळं होतं. आतला मळसूत्री गाभा किंचित फिरवून ती जुळवायची. लोखंडी स्क्रूड्रायव्हर चालत नाही, लोखंड जवळ आलं की कॉइलचा स्वभावच बदलतो; काढून घेतलं की जुळवलेलं पुन्हा बिघडतं. म्हणून काकानं कळकाची काडी चपटी तासून घेतली होती. ती काडी कानावर खोचून तो घरभर हिंडायचा. रात्र पडल्यावर हे काम काढायचा, कारण रात्री मिडियम वेव्ह लांबून येते. दिवसा वरच्या हवेचा एक थर ती गिळतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लाटा वरून परतून खाली येतात. रात्री पुणं लागायचं, मुंबई लागायची, आणि शॉर्ट वेव्ह असलेल्या भाग्यवंतांकडं रेडिओ सिलोन. दिल्लीत केसकर नभोवाणी मंत्री होते, त्यांना फिल्मी गाणी चालत नव्हती, म्हणून १९५२ पासून सगळा देश बुधवारी रात्री बिनाका गीतमालेसाठी सिलोन लावून बसायचा. आमच्या घरात बुधवारचं भांडण वेगळं असायचं, ते पुन्हा केव्हातरी.

पुणं १९५३ ला सुरू झालं आणि १९५५ च्या रामनवमीपासून तिथून गीतरामायण लागलं, वर्षभरात छप्पन्न गीतं. आमच्याकडं तेव्हा रेडिओ नव्हता. पंचायतीच्या रेडिओवर ते कधीमधी लागायचं, मध्येच बुडायचं. आज्जी म्हणायची, "आमचा राम निम्मा वनवासात गेला, निम्मा खरखरीत." ते कुठल्या महिन्यात, हे विचारू नका. तिला राम ऐकल्याचं आठवायचं, बाकी नाही.

त्यानंतर दीड वर्षात, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तुडये हे चंदगड तालुक्यातलं गाव, आमच्या पश्चिमेला अगदी हाकेवर. ते मुंबई राज्यात राहिलं, आम्ही इकडं. सोयरिका दोन्हीकडं, शेतं दोन्हीकडं, देवी मळेकरणीच. मंगळवार-शुक्रवारी तिच्या आमराईत जेवणावळी उठायच्या, त्यात कोण कुठल्या राज्याचा हे ताटावरून कळायचं नाही. आज्जा महाराष्ट्रात जायच्या चळवळीत होता, मोर्चाला जायचा, सारा नाकारण्याच्या गोष्टी करायचा. आणि रात्री घरी येऊन कानडी पदं ऐकायचा. लहानपणी मला यात विसंगती वाटायची. आज वाटत नाही. राज्य कुठलं यावर त्याचं भांडण होतं, गाण्यावर नव्हतं. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांचं स्मारक आमच्या रस्त्यावरच, हिंडलग्याला आहे. त्या दिवसांत आज्जा काकाला म्हणायचा, "दोन्ही लाव." सांगलीवरून मराठी बातम्या, मग डबा फिरवून धारवाडच्या कानडी. दोन्हीकडचं ऐकल्याशिवाय तो कशावर विश्वास ठेवायचा नाही.

काकाचा दुसरा नाद भजनाचा. तो पखवाजावर बसायचा. एकादशीला काकीकडून कणकेचा गोळा मागून न्यायचा, पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायला. कमी-जास्त केला की खर्ज चढतो-उतरतो. उजवीकडची शाईची बाजू गठ्ठ्यावर हातोडी मारत पेटीला जुळवायची. आयएफटी जुळवताना आणि पखवाज जुळवताना त्याची मान एकाच बाजूला कलायची. पेटी म्हटली की त्याचा एक राग ठरलेला होता: आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी घातली होती. हार्मोनियमचे सूर पट्टीवर पक्के बसवलेले, आपल्या गाण्याच्या श्रुती त्यात येत नाहीत, मींड निघत नाही, असं जाणत्यांचं म्हणणं. असेल. खरं खेड्यातलं भजन पेटीशिवाय उभं राहत नाही. काका म्हणायचा, "मंजे एकतीस वर्सं आमी गात नव्हतो म्हणायचं?"

मग त्याच्या डोक्यात आलं की आपणच सूरपेटी करायची, विजेची. दोन-दोन ट्रान्झिस्टरची जोडी, एकानं दुसऱ्याला उघडझाप करायला लावायची, की एक सूर निघतो. षड्जाला एक जोडी, पंचमाला एक. पेटी बोलली. संध्याकाळी अंगणात जुळवून तो देवळात घेऊन गेला. देवळात माणसं दाटलेली, समया पेटलेल्या, उकाडा. तासाभरात सूर घसरला. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरचा दोषच तो, तापला की त्यातून नको तेवढी वीज पाझरते. वीणेकरी बुवांनी अभंग थांबवून सांगितलं, "तुजी पेटी घामेजली गा. बाहेर वाऱ्याला बसीव." १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात आणला, आता तो देशभर गवयांच्या मागं वाजतो. काकानं तो पहिल्यांदा बघितला तेव्हा उघडून दाखवा म्हणून गवयाच्या मागं लागला होता.

चौंडक्यावरही त्यानं हात फिरवला. सौंदत्तीची पुनव झाली की यल्लम्माचे जोगती दारी येत. डोक्यावर देवीचा जग, काखेत चौंडकं. लाकडी नळकांडं, एका तोंडाला चामडं, चामड्याच्या मधून निघालेली तात. ती एका हातानं ताणायची, दुसऱ्यानं छेडायची. ताण वाढला की सूर वर चढतो, सोडला की गडगडत खाली येतो. आज्जी त्यांना सुपानं तांदूळ घालायची, घरचा बासमती, त्यात कंजूषपणा नाही. काकानं एकदा रेकॉर्डप्लेअरच्या मुंडीतला क्रिस्टल मेणानं चौंडक्याला चिकटवला आणि अॅम्प्लिफायरला जोडला. असा काही भोंगा किंचाळला की वाजवणारा जोगती हसत सुटला. "आई अंगात आली बग," तो म्हणाला.

या अॅम्प्लिफायरबद्दल मात्र माझं मत काकासमोरही वाईट होतं. टीबीए ८१० नावाचा आयसी आला, स्वस्तात मोठा आवाज निघायला लागला, आणि देवळावर भोंगा बसला. त्याआधी चक्री भजनात एकानं चरण उचलायचा, पुढं दुसऱ्यानं. म्हातारे, पोरं, बेसूर, सुरेल, सगळ्यांचा आवाज मिळून एक व्हायचा. माइक आला तसा माइकपुढचा एकटा गायला लागला आणि बाकीचे टाळ कुटायला उरले. गल्लीत ऐकणारे वाढले आणि देवळात गाणारे घटले. काका यावर गप्प बसायचा. मशीन त्यानंच जोडलेलं होतं.

त्याचं खरं काम त्यानं करमणूक म्हणून केलं. कॅसेटचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आलेला, मालक न्यायला फिरकला नाही. काकानं बेल्ट बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं, आणि तपासायला म्हणून आज्जी नि आत्तीला जात्यापाशी बसवलं. तोवर गावात गिरणी येऊन जमाना झाला होता. जातं फक्त लग्नातल्या हळदीपुरतं. दोघी आधी लाजल्या, मग आत्तीनं खुंटा धरला, आणि एकदा जातं फिरायला लागल्यावर ओव्या थांबेनात. त्यात भाऊ होता, पंढरी होती, सौंदत्ती होती, आणि सासूबद्दल जे होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांच्याबरोबर बर्नार बेल होते, मूळचे इंजिनियर, संगीताचे अभ्यासक. त्यांनी त्या ओव्यांची संगणकावर नोंदणी बांधली आणि ध्वनिमुद्रणं केली. ते सगळं आता 'पारी' या संकेतस्थळाच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतं. मी ते ऐकतो तेव्हा दर ओवीआधी बाईचं नाव येतं, गाव येतं, तालुका येतो. एवढ्या साध्या शिस्तीचं मोल मला आमच्या कॅसेटमुळं कळलं.

उचगावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. कडोली, येळ्ळूर, कुद्रेमानी, बेळगुंदी इथंही भरतं. ग्रंथदिंडी निघते, लेझीम, टाळ, मृदंग, सगळं असतं. तिथं माझ्या वयाची माणसं भेटली की हमखास कुणीतरी सांगतं, आमच्याही आईच्या ओव्यांची कॅसेट माळ्यावर आहे. त्यांना मी जे सांगतो तेच इथं लिहितो. आधी जुन्या रेडिओतले, टेपमधले सेल काढा. पाझरले की आतला पत्रा खातात. कॅसेट लगेच लावू नका, पेन्सिलीनं एकदा पुढं-मागं फिरवून घ्या, टेप चिकटलेली असते. मधली नमद्याची बारीक गादी निखळली असेल तर आवाज बसतो. दुसऱ्या कॅसेटची काढून लावता येते. मग मोबाइलवर उतरवून घ्या, आणि आधी स्वतःच्या आवाजात गाणारीचं नाव, गाव नि साल बोला. आमच्या कॅसेटवर आज्जी आणि आत्तीबरोबर तिसऱ्या एका बाईचा आवाज आहे, तिघींत सगळ्यात गोड. ती कोण, हे सांगणारं आता घरात कुणी राहिलेलं नाही.